हाक कोणाची?

आमच्या घरी दिवाळीचा फराळ होत नाही. पण दिवाळीत आमच्या घरी फराळ नाही, असेही कधी झालेले नाही. आमचे घर ख्रिस्ती. वसुबारसेपासून आळीतली ताटे रुमालाखाली झाकून आमच्या उंबऱ्यावर येऊ लागतात आणि नाताळात आमच्या करंज्या, नानकटाई उलट वाटेने निघतात. ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा धर्म मात्र आळीतली सगळी घरे सारख्याच निष्ठेने पाळतात. हे नगरचे सांगतो आहे. २०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले. माझ्या वयाच्या माणसांच्या जिभेला अजून जुनेच नाव सवयीचे आहे, तेवढे वाचकांनी चालवून घ्यावे.

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझी पुतणी असेच एक ताट पुढ्यात घेऊन बसली होती. ती बँकेत नोकरीला आहे. माझे थोरले बंधू गेल्यापासून तिच्या पगारावर त्यांचे घर चालते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि हातातली करंजी अर्धीच ताटात ठेवून ती म्हणाली, "काका, बँक सोडून सेमिनरीत जावं असं मला वाटतं. मला पाचारण झालंय, असं वाटतं. तुम्हालाही एकदा तसं वाटलं होतं ना? मग ते खरं नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

'पाचारण' हा आमच्या मराठी ख्रिस्ती बोलण्यातला रोजचा शब्द. अर्थ साधा आहे : बोलावणे. देवाने एखाद्याला त्याचे नाव घेऊन आपल्या कामासाठी हाक मारणे. तसे पाहिले तर ही हाक प्रत्येकालाच असते. मठातल्या संन्याशाचे काम तेवढे पवित्र आणि जोडे शिवणाराचे किंवा बाळाची दुपटी धुणाऱ्या आईबापांचे काम हलके, अशी प्रतवारी देवाघरी नाही, हे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ठासून सांगितले. तरीसुद्धा मंडळीचा पाळक होण्याची हाक निराळ्या तऱ्हेने अवघड आहे. जोडे शिवणाराला त्याचे काम साधले की नाही, हे जोडाच सांगतो. पाळकाचे तसे नाही. तो बाप्तिस्मा देतो, लग्ने लावतो, मेलेल्याला माती देतो, रविवारी उपदेश करतो आणि उरलेले दिवस लोकांच्या घरी जातो. यांतले पुष्कळसे काम, ज्याला कोणीही बोलावलेले नाही असा माणूससुद्धा चांगल्या आवाजाच्या आणि पाठांतराच्या बळावर निभावून नेऊ शकतो. म्हणूनच हाक खरी की खोटी हा प्रश्न इथे फार आधी, फार कसून विचारावा लागतो.

हा प्रश्न विचारण्याची रीत आमच्या लोकांनी बांधून ठेवलेली आहे. जॉन कॅल्व्हिनने बोलावणी दोन मानली : एक अंतःकरणातले, ज्याला देवावाचून साक्षीदार नाही, आणि दुसरे उघड, जे मंडळीकडून यावे लागते. आमच्या भागातल्या बऱ्याच मंडळ्या १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. तिथे आता स्त्रियांनाही पाळकपणाची दीक्षा मिळते. पण ती मागून मिळत नाही. आधी आपल्या मंडळीची शिफारस, मग धर्मप्रांताच्या समितीपुढे मुलाखत, मग सेमिनरीतली काही वर्षे, मग डीकनची दीक्षा आणि त्यानंतर प्रेस्बिटरची. इतक्या उंबऱ्यांवर इतक्या माणसांनी त्या एका माणसाकडे निरखून पाहायचे असते. पुतणीला हे सगळे ठाऊक होते. तिला या उंबऱ्यांच्या आधीचा उंबरा विचारायचा होता, आणि तो विचारायला ती माझ्याकडे आली होती. कारण तिच्या ओळखीत त्या उंबऱ्यावरून परत फिरलेला मीच एक होतो.

माझ्याजवळ उत्तर तयार होते. जवळजवळ पन्नास वर्षे मी ते सांगत आलो आहे. तिलाही तेच सांगितले.

१९७६ चा उन्हाळा. मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. अमेरिकन मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले आणि पुढे आसपासच्या खेड्यांत पसरले. त्यांतल्याच एका खेड्यात माझे आजोबा मास्तर होते. आठवडाभर ज्या खोलीत पाढे म्हणवून घ्यायचे, त्याच खोलीत रविवारी उपासना चालवायचे. घरात अशी परंपरा. त्यात मला वक्तृत्वाची बक्षिसे मिळालेली. त्या वर्षी गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत मला एकाएकी वाटले की, आपण याच कामासाठी जन्मलो आहोत. कानांनी काही ऐकले नाही. पण छातीत असे काही भरून आले की घरी आल्यावर मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या वृद्ध पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. "महिनाभर माझ्याबरोबर फीर," ते म्हणाले, "मग बोलू."

आम्ही सायकलींवर फिरू लागलो. पहिले आठ दिवस माझे मोठे आनंदात गेले. प्रत्येक घरी पाळकसाहेब मला प्रार्थना करायला सांगत, आणि माझी प्रार्थना लोकांना आवडे. नवव्या का दहाव्या दिवशी आम्ही एका विधवा म्हातारीकडे गेलो. मांडीचे हाड मोडून ती खाटेवर पडून होती. मी तिच्या उशाशी उभा राहून दहा मिनिटे प्रार्थना केली. जीवनाच्या पाण्याचा झरा, वाळवंटातला प्रवासी, असे काय काय त्या प्रार्थनेत होते. 'आमेन' झाल्यावर म्हातारी पाळकसाहेबांकडे वळून म्हणाली, "लई गोड बोलतंय लेकरू. पर मघाधरनं नरड्याला कोरड पडलीय. तेवढं तांब्याभर पाणी देता का?"

माठ माझ्यापासून दोन हातांवर होता आणि तो कोरडा ठणठणीत होता. पाळकसाहेबांनी एक शब्दही न बोलता कोपऱ्यातली घागर उचलली आणि ते विहिरीकडे गेले. मी तिथेच उभा.

"त्या दिवशी मला कळलं," मी पुतणीला म्हणालो, "की मी ऐकली ती देवाची हाक नव्हती. माझाच आवाज होता तो. ज्याला खाटेवरच्या माणसाची तहान दिसत नाही, त्याने पाळक होऊ नये. मी बी.एड.ला गेलो, चौतीस वर्षं मराठी शिकवली. हे असं कळलं."

ही गोष्ट सांगून झाली की ऐकणारे नेहमी गप्प होतात. पुतणी झाली नाही. तिने विचारले, "आणि दुसऱ्या दिवशी काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी मी सकाळीच जाऊन म्हातारीचा माठ भरला. महिना संपेपर्यंत रोज भरत होतो."

"मग महिना संपल्यावर पाळकसाहेब काय म्हणाले? हे तुझं काम नव्हे, असं म्हणाले?"

मी बोलायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. पाळकसाहेब असे कधीच म्हणाले नव्हते. त्यांना तशी संधीच मी दिली नव्हती. महिना संपला त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलोच नाही, बी.एड.चा फॉर्म भरला आहे, एवढी चिठ्ठी एका मुलाबरोबर पाठवून दिली. "मग बोलू" यातले 'मग' कधी आलेच नाही. आता ते कधीच येणार नाही, कारण पाळकसाहेबांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाहेर कोणी तरी उरलेले फटाके संपवीत होते आणि मला लहान शमुवेलाची गोष्ट आठवत होती. जुन्या करारातली ही गोष्ट आमच्याकडे मुलांना अगदी लहानपणी सांगतात. शमुवेल मंदिरात निजलेला असताना त्याला नावाने हाक येते. त्याला वाटते, म्हाताऱ्या एली याजकाने बोलावले; म्हणून तो धावत जातो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, परत जाऊन नीज. असे दोनदा होते. तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येते की मुलाला हाक मारणारा देव आहे, आणि पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचे, हे तो त्याला शिकवतो.

लहानपणी या गोष्टीतला नायक मला शमुवेल वाटे. त्या रात्री प्रथमच मी एलीकडे पाहिले. हाक ऐकली मुलाने, पण ती कोणाची हे ओळखले म्हाताऱ्याने, ज्याला डोळ्यांनी नीट दिसतही नव्हते. आणि त्या हाकेत संदेश काय होता? एलीचे घराणे बुडणार. त्याचे मुलगे याजकपणाचा गैरवापर करीत होते आणि याने त्यांना आवरले नव्हते, म्हणून. सकाळी एलीने मुलाला बजावून सांगितले की एक अक्षरही लपवू नकोस. आणि सगळे ऐकून घेतल्यावर, देवाला योग्य वाटेल ते देवाने करावे, असे म्हणून त्याने मान लवविली. ज्या हाकेने आपलेच नुकसान व्हायचे, तीच हाक या माणसाने दुसऱ्याला ओळखून दिली. एलीच्या आयुष्यात चुका पुष्कळ होत्या. पण त्या रात्रीपुरता तो मोठा होता.

माझ्याकडेही एक मूल अंधारातून धावत आले होते, आणि मी त्याला परत जाऊन नीज म्हणण्याच्या बेतात होतो. का? स्वतःशी खरे बोलायचे ठरवले तर उत्तर लाजिरवाणे होते. तिची हाक खरी निघाली, तर कदाचित माझीही खरी असेल, अशी मला भीती वाटत होती. मग म्हातारीच्या माठाची गोष्ट विनयाची न राहता पळपुटेपणाची झाली असती. आपण अपात्र आहोत ही जाणीव म्हणजे देवाचा नकार, असे मी खुशाल धरून चाललो. पण मोशेने आपली जीभ जड असल्याची सबब सांगितली, यिर्मयाने आपण पोर असल्याची. त्यांची सबब खरी असूनही त्यांना सुटका मिळाली नाही. रिकामा माठ दिसला, तो नकार होता की पहिला धडा होता? हे मला सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याच्याकडे मी चिठ्ठी पाठवली होती.

माझी चूक तेव्हा मला दिसू लागली. हाक आली असे मी एकट्याने ठरवले होते, आणि आली नाही असेही एकट्यानेच ठरवले. दोन्ही वेळी माझी खात्री सारखीच होती.

एकट्याने करता येण्यासारखी थोडी पारख आहे, नाही असे नाही. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला नावाच्या स्पॅनिश सरदाराचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी शौर्याची आणि सुंदर स्त्रियांची स्वप्ने रंगवी, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना सारखाच आनंद होई. पण पुढे त्याच्या लक्षात आले की पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे पडते आणि दुसरे ओसरल्यावरही समाधान मागे राहते. हाक आली त्या क्षणाच्या उकळीवर जाऊ नका, ती निवल्यावर काय उरते ते पाहा, हा त्याने घालून दिलेला धडा आजही जेस्विट लोक गिरवतात. धडा खरा आहे. पण मन उकळते कशाने आणि निवते कशाने, हे त्याच मनाला विचारायचे, म्हणजे वादी आणि न्यायाधीश एकच. कोणी तरी तिसरा लागतो. हा तिसरा कोण?

याचे उत्तर मला बायबलाइतकेच आळंदीच्या वाटेवर सापडते. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांची परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. पंत काशीला गेले आणि आपल्यामागे कोणी नाही असे सांगून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीला आले. नमस्काराला वाकलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तेव्हा सगळा उलगडा झाला. गुरू यात्रा सोडून माघारी गेले आणि शिष्याला त्यांनी संसारात परत पाठवले. विठ्ठलपंतांच्या मनातले वैराग्य खोटे होते, असे कोण म्हणेल? खोटे होते ते एवढेच की, त्या वैराग्याची किंमत जिने मोजायची तिला कोणी मनापासून विचारले नव्हते. गुरूसुद्धा फसले, कारण साक्षीदार आळंदीला राहिला होता.

आणि आमच्या नगरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या रेव्हरंड टिळकांचे काय? १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. पुढे काही वर्षे दोघे वेगळी राहिली. ती परत एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे; जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःशी सोडवून. टिळकांना १९०४ मध्ये पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडून बसले. म्हणजे दीक्षेनंतरही त्यांची हाक पुढे पुढे जातच होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. अशा माणसाची हाक खरी होती, असे आपण आज सहज म्हणतो. पण ते आपल्याला इतक्या खात्रीने म्हणता येते, याचे एक मोठे कारण 'स्मृतिचित्रे' आहे. जिला त्या हाकेने सर्वांत जास्त पोळले, तिनेच पुढे हसतहसत, काही न झाकता, त्या माणसाची साक्ष दिली. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही तिनेच पुढे नेले. टिळकांनी तिला आधी विचारले असते तर तिची इतकी वर्षे जळली नसती, हेही त्याच पुस्तकातून आपल्याला कळते.

तेव्हा तिसरा साक्षीदार म्हणजे ज्याच्या अंगावर आपल्या हाकेची झळ येणार आहे तो. त्याला विचारायचे ते परवानगीसाठी नव्हे. त्याने नाही म्हटले म्हणून देव गप्प बसेल असे नाही. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा कोरडा माठ त्यालाच दिसत असतो.

सकाळी मी पुतणीला म्हणालो, "तू ऐकलंस ते काय, हे मला सांगता येणार नाही. माझंच मला माहीत नाही. आपण तुझ्या आईकडे जाऊ."

ती घाबरली. "तिला काय सांगू, काका? घराच्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जातात. तिला आत्ताच हे ऐकवायचं?"

वहिनी भाजी निवडत होत्या. पुतणीने अडखळत अडखळत सगळे सांगितले. वहिनींनी शेवटपर्यंत वर पाहिले नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, रात्री बारा बारा वाजेपर्यंत हिच्या खोलीत दिवा असतो, तो मला दिसत नाही का? वर्ष झालं, मी वाट पाहतेय की ही सांगेल. हिला वाटतं, आईला त्रास नको. मला वाटतं, पोरीला विचारायला नको. दोघी एकमेकींना सांभाळत बसलोय."

मग मुलीला म्हणाल्या, "तू गेलीस तर मला एकटं वाटेल. ते मी लपवणार नाही. पण एकटं वाटणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. हप्ते अजून वीस महिन्यांचे आहेत, ते फिटू देत. तोवर दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, त्या दिवशी पाळकांबरोबर इस्पितळात जात जा. देवाला याहून घाई असेल, तर त्याने तसं मला येऊन सांगावं."

मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. लोयोलाची कसोटी आणि कॅल्व्हिनची मंडळी भाजी निवडता निवडता इतक्या थोडक्यात एकत्र बांधलेली मी ऐकली नव्हती.

या गोष्टीला आता वर्ष झाले. हप्ते आठ उरले आहेत. पुतणी ठरल्या शनिवारी इस्पितळात जाते. सुरुवातीला ती फार हिरमुसून परत येई. रोगी तिला प्रार्थनेपेक्षा चहा आणायला आणि मुलाला फोन लावून द्यायला जास्त सांगत. अलीकडे त्याबद्दल बोलत नाही. पिशवीत थर्मास मात्र घेऊन जाते. तिची हाक खरी आहे का? मला अजून माहीत नाही. तिलाही पूर्ण माहीत नसावे. मंडळी, समिती, सेमिनरी, हे सगळे उंबरे अजून पुढेच आहेत, आणि त्यांतल्या एखाद्यावरून ती परत येईलही. आली तरी ती माझ्यासारखी चिठ्ठी पाठवून परत येणार नाही, एवढे मला दिसते.

माझ्या स्वतःच्या हाकेचे कोडे तर आता सुटायचे नाही. चौतीस वर्षे शाळेत शिकवले, त्यात काही मुलांचे माठ भरले असतील, काहींचे माझ्या बोलण्याच्या भरात कोरडे राहिले असतील. कदाचित तेच माझे बोलावणे असेल. ल्यूथर मला तसा धीर देतो. कदाचित नसेल. पण नातवंडांना शमुवेलाची गोष्ट सांगताना मी आता तिच्यातल्या एका लहानशा गोष्टीवर थांबतो. मुलाला हाक कोणाची ते कळले नव्हते. तिन्ही वेळा त्याचा अंदाज चुकला. तरी त्याने एक गोष्ट बरोबर केली : अंधारात एकटाच विचार करीत तो पडून राहिला नाही. उठला, धावत गेला आणि म्हाताऱ्याला जागे केले.